गती दिसते कशी, आणि फसवते कुठे?

मंडळी, आपल्याला वाटतं, वस्तू हलली की ती हलताना आपोआप दिसते. तसं नाही. डोळ्याच्या पडद्यावरची प्रतिमा क्षणापूर्वी कुठे होती आणि आता कुठे आहे, याची तुलना करावी लागते. हा हिशोब मुख्यतः मेंदूच्या मागच्या बाजूला चालतो.

तो हिशोब बंद पडला तर? १९८३ साली जर्मनीतल्या संशोधकांनी अशा एका बाईंची माहिती प्रसिद्ध केली. मेंदूला इजा झाल्यानंतर त्यांना रंग दिसत, वस्तू ओळखता येत. पण गती दिसेना. ओतलेला चहा गोठल्यासारखा दिसे, कप कधी भरला ते कळत नसे. लांबची गाडी एकदम पुढ्यात उभी!

आपली तुलना शाबूत आहे, पण तिला मर्यादा आहेत. फार सावकाश बदल निसटतो. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याची चित्रं ठरावीक अंतराने टिपून ती सलग दाखवली, तेव्हा रोप वाढताना लोकांना दिसलं. पडद्यावर चित्रं स्थिरच होती. गती मेंदूने जोडली.

दुसरी मर्यादा जिवावर बेतणारी आहे. आडवी जाणारी गाडी जागा बदलते, म्हणून तिचा वेग पटकन कळतो. सरळ आपल्याकडे येणारी गाडी जागेवरच राहते, फक्त मोठी होत जाते. विनोबांना गणिताची आवड. त्यांच्या या जन्मगावी, गागोदे बुद्रुकला, थोडं गणित करूच. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. गाडी २०० मीटरवरून १०० वर आली की दुप्पट मोठी दिसते; त्याला ५ सेकंद लागतात. १०० वरून ५० वर येताना पुन्हा दुप्पट, अडीच सेकंदांत. पुढची दुप्पट सव्वा सेकंदात. म्हणजे लांब असताना ती जवळजवळ थांबलेली वाटते, आणि वेग जाणवेपर्यंत आपण रस्त्याच्या मध्यावर असतो.

मोटारसायकल अरुंद, रात्री तर एकच दिवा. तिचा अंदाज आणखी चुकतो. लहान मुलांची ही जाण अजून पक्की झालेली नसते.

म्हणून पेण, वडखळ, नागोठण्याला महामार्ग ओलांडताना ‘गाडी लांब आहे, हळू येतेय’ या नजरेच्या निकालावर विसंबू नका. गाडी जाऊ द्या. आणि मुलांना ‘नीट बघून जा’ एवढंच सांगून सोडू नका. हात धरून न्या.