मसाल्याचा डबा आणि आपले आरोग्य

आपल्या वस्त्यांमध्ये आणि वसाहतींमध्ये रक्तदाब व मधुमेह हे आता घरगुती शब्द झाले आहेत. पूर्वी हे श्रीमंतांचे आजार समजले जात. आज गिरणीतून निवृत्त झालेले काका, शाळेतल्या बाई, रिक्षा चालवणारा भाऊ, कोणीही त्यातून सुटलेले नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही अखेरच्या वर्षांत मधुमेहाने ग्रासले होते. त्या आजारपणातच त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ लिहून पूर्ण केला. शरीर साथ देईनासे झाले की कामाचा माणूस किती अडतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

डॉक्टर सांगतात, "मीठ कमी करा, तेल कमी करा." आपण घरी येऊन तसे करतो. चार दिवस अळणी आमटी गिळतो आणि पाचव्या दिवशी पुन्हा पूर्ववत होतो. याचे कारण मनाचा दुबळेपणा आहे असे आम्हांस वाटत नाही. मीठ आणि तेल काढून घेतले, पण त्यांच्या जागी काहीच ठेवले नाही, हे खरे कारण आहे. ती रिकामी जागा मसाल्याच्या डब्याने कशी भरून काढावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम हिशेब

आम्ही पेशाने बँकेतील कारकून, म्हणून आधी आकडे मांडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट लहान चमचाभराच्या आत मीठ खावे. चार मोठ्या माणसांच्या घरात ही मर्यादा रोजची 20 ग्रॅम होते. याचा अर्थ एक किलोची पिशवी किमान 50 दिवस पुरली पाहिजे. शिवाय लोणचे, पापड, फरसाण, खारी, पाव, सुकी मासळी यांतून येणारे मीठ याच 5 ग्रॅमांत मोजायचे आहे. म्हणजे प्रत्यक्षात ती पिशवी दोन महिने चालायला हवी. तेल दर माणशी रोज 25 ग्रॅम धरले, तर चौघांना महिन्याला तीन किलो पुरे. प्रत्येकाने आपल्या घरातील पिशवीवर उघडल्याची तारीख लिहून ठेवावी. आपले खाते किती ओढले गेले आहे, हे दोन महिन्यांत आपोआप कळेल.

धम्मातील आधार

विनयपिटकाच्या महावग्गात भेसज्जक्खन्धक नावाचे प्रकरण आहे. आजारी भिक्खूंना औषध म्हणून काय घेता येईल, हे त्यात सांगितले आहे. हळद, आले, वेखंड ही मुळे, पिंपळी, मिरी, हिरडा, बेहडा, आवळा ही फळे, हिंग, आणि सागरी मीठ, सैंधव, काळे मीठ असे मिठाचे पाच प्रकार त्यात येतात. मीठसुद्धा औषधांच्या यादीत आहे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. औषध आपण मापूनच घेतो.

कोसलचा राजा प्रसेनजित अतिशय जेवत असे. जेवून धापा टाकतच तो एकदा भगवंतांच्या भेटीला आला. भगवंतांनी त्याला उपाशी राहण्यास सांगितले नाही, देहदंड सांगितला नाही. जेवताना मात्रेचे भान ठेवावे, एवढाच उपदेश केला. राजाने आपला आहार हळूहळू कमी केला आणि त्याचे शरीर हलके झाले, असे संयुत्त निकायात सांगितले आहे. यातला 'हळूहळू' हा शब्द महत्त्वाचा आहे. मीठ एकदम अर्ध्यावर आणू नये, आठवड्याला चिमूटभर कमी करावे. काही आठवड्यांत जीभ नव्या चवीला सरावते.

काही उपासक विचारतात, लसूण चालतो का? लसणाविषयीचे निर्बंध भिक्खू-भिक्खुणींसाठी होते आणि त्यातही आजारी भिक्खूला मुभा होती. गृहस्थाने लसूण खुशाल खावा.

चव येते कोठून?

चव वाढवण्याचे चार मार्ग स्वयंपाकघरात आधीच आहेत.

पहिला आंबटपणा. चिंच, आमसूल, लिंबू, कैरी, टोमॅटो, अंबाडीची भाजी यांनी पदार्थाला धार येते आणि मिठाची उणीव जाणवत नाही. वरणात मीठ नेहमीपेक्षा कमी घालून ताटात लिंबाची फोड पिळून पाहावी, फरक लगेच कळतो.

दुसरा खमंगपणा. जिरे, धने, तीळ, मेथी कोरड्या तव्यावर भाजली की त्यांचा स्वाद खुलतो. त्यासाठी तेलाचा थेंबही लागत नाही. भाजलेल्या जिऱ्याची पूड ताकात, कोशिंबिरीत, उकडलेल्या बटाट्यावर घालावी.

तिसरा फोडणी. मसाल्यांतील सुगंधी द्रव्ये तेलात चांगली उतरतात, म्हणून थोडे तेल आवश्यकच आहे. परंतु चौघांच्या वरणाला दोन लहान चमचे पुरतात. मोहरी तडतडू द्यावी, मग जिरे, हिंग, लसूण, कढीपत्ता आणि आच कमी करून हळद घालावी. हीच फोडणी शेवटी वरून दिली, तर तिचा वास जेवताना टिकून राहतो. मीठही शेवटी, रस्सा आटल्यावर घालावे, म्हणजे अंदाज चुकत नाही.

चौथा तिखटपणा. मिरची मूळची अमेरिका खंडातील, ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. त्यापूर्वी तिखटपणासाठी मिरी, पिंपळी आणि आले वापरीत. तिखट फार वाढले की ते झेपावे म्हणून आपण तेल वाढवतो, मग मीठ वाढवतो. म्हणून लाल तिखटाचा एक चमचा कमी करून आले, लसूण आणि मिरीपूड यांवर भर द्यावा.

आपल्या आज्यांची पुंजी

हे सर्व आपल्याला परक्याकडून शिकायचे नाही. आपल्या आज्यांच्या हाती तेल-तूप नव्हते, भाज्या विकत घेण्यास पैसे नव्हते. तरी त्यांच्या हातची चव आजही विसरत नाही. मराठवाड्यात धान्य-डाळी आणि मसाले भाजून दळलेला येसूर असे. चमचाभर येसुराने पातळ आमटीला दाटपणा व स्वाद दोन्ही येत. विदर्भातील जवसाची चटणी, देशावरील कारळाची व तिळाची चटणी, कोकणातील आमसूल आणि माशांच्या कालवणातील तिरफळ, काळ्या मसाल्यातील दगडफूल, ही आपली खरी पुंजी. त्यांत पोषणही आहे. जवसात ओमेगा-3 गटातील स्निग्धांश असतो, तीळ आणि कारळात कॅल्शियम व लोह असते.

हातात पैसा आला तशी आपल्याला या पदार्थांची लाज वाटू लागली. पाहुण्यांपुढे तळलेले, तेलाचा तवंग आलेले वाढणे म्हणजे प्रतिष्ठा, असे आपण मानू लागलो. उपासमारीच्या आठवणीतून आलेली ही हौस समजण्याजोगी आहे, पण तिची किंमत आपले हृदय आणि मूत्रपिंडे मोजत आहेत. शाहू पाटोळे यांनी 2015 साली प्रसिद्ध केलेल्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांग समाजाची खाद्यसंस्कृती नोंदवली आहे. विद्यार्थ्यांनी ते जरूर वाचावे आणि आपल्या घरातील वृद्ध स्त्रियांकडून चटण्या-मसाल्यांचे प्रमाण लिहून घ्यावे. ते कोठेही छापलेले नसते, माणसाबरोबर जाते.

विकत घेताना

1) जिरे, धने, मिरी शक्यतो अख्खे घ्यावेत आणि थोडे थोडे कुटावेत. अख्ख्या मसाल्याचा वास अधिक टिकतो व भेसळही ओळखता येते.
2) सुटी हळद व तिखट टाळावे. पाकिटावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी परवाना क्रमांक पाहावा.
3) पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाकावी. शुद्ध हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळे राहते. पाणी गडद पिवळे झाले, तर रंगाची भेसळ समजावी.
4) तयार मसाल्याच्या पाकिटावर घटकांची यादी वाचावी. त्यात मीठ असल्यास भाजीत वेगळे मीठ कमी घालावे. घरच्या कांदा-लसूण मसाल्यातही मीठ असते, हे विसरू नये.
5) डबा चुलीपासून दूर, कोरड्या जागी ठेवावा. जवसाची चटणी थोडीच करावी, ती लवकर खवट होते.

गैरसमज नकोत

सैंधव किंवा काळे मीठ कितीही खाल्ले तरी चालते, हा समज चुकीचा आहे. त्यातही सोडियमच असते. रोजच्या वापरात आयोडीनयुक्त मीठच ठेवावे. 'कमी सोडियम'च्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. हळदीने किंवा मेथीने मधुमेह बरा होतो असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मसाला जेवण रुचकर करतो, तो गोळीची जागा घेत नाही. ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय स्वीकारू नये, ही तर आपल्या धम्माची पहिली शिकवण आहे.

एक विनंती

वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी जवळ भाजलेल्या जिऱ्याची पूड, घरची चटणी आणि दोन लिंबे ठेवावीत. नूडल्स करायच्याच असतील, तर मसाल्याची पुडी अर्धीच घालून भाज्या वाढवाव्यात. घरातील पुरुषांनी चटणी कुटणे आणि मसाला भाजणे शिकून घ्यावे. समतेची सुरुवात स्वयंपाकघरातूनही होऊ शकते.

आपल्या संस्थेलाही आमची एक सूचना आहे. बुद्धपौर्णिमेच्या आणि जयंतीच्या भोजनदानात शेकडो माणसे जेवतात, त्यांत वृद्ध व आजारीही असतात. तेथे रस्सा कमी तेला-मिठाचा करावा, फरसाणाऐवजी जवसाची चटणी वाढावी आणि प्रत्येक पंगतीत लिंबाच्या फोडी ठेवाव्यात. खर्च वाढणार नाही. आपल्या माणसांना निरोगी दीर्घायुष्य लाभावे ही मंगलकामना आपण वंदनेत करतो, ती ताटातही उतरावी.

जय भीम!