स्तनपानाचा पूर्वेतिहास व स्तनकर्करोगाची साध्यासाध्यता

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, दहाव्या अध्यायात, स्तनरोगांचे वर्णन येते. कन्यांच्या स्तनाश्रित धमन्यांची द्वारे संवृत असतात, गर्भिणी व प्रसूता स्त्रियांत ती विवृत होतात, असे तेथे सांगितले आहे. त्या अध्यायातील स्तनरोग म्हणजे आजचा स्तनकर्करोग, असे समीकरण आम्ही मांडत नाही. मात्र गर्भधारणा व स्तन्यप्रवृत्ती यांनी स्तनाची अवस्था पालटते, हा विचार त्यात स्पष्ट आहे. आधुनिक संशोधनही आज याच अवस्थांतराचा अभ्यास करीत आहे.

सन २००२ मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकात ३० देशांतील ४७ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. दर बारा महिन्यांच्या स्तनपानामागे स्तनकर्करोगाचा सापेक्ष धोका ४.३ टक्क्यांनी, तर दर प्रसूतीमागे आणखी ७ टक्क्यांनी घटतो, असे त्यात आढळले. हा झाला रोग होण्याचा प्रश्न. रोग जडल्यावर त्या पूर्वेतिहासाचे काही मोल उरते काय?

या प्रश्नाचा विचार सन २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर कॅलिफोर्नियातील अभ्यासात झाला. स्तनकर्करोग झालेल्या १,६३६ स्त्रियांपैकी ज्यांनी पूर्वी स्तनपान दिले होते, त्यांच्यात रोगाच्या पुनरुद्भवाचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी व त्या रोगाने मृत्यूचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी कमी दिसला. सहा महिने वा अधिक काळ स्तनपान दिलेल्यांत हा संबंध अधिक ठळक होता. परंतु तो मुख्यत्वे 'ल्युमिनल ए' या, संप्रेरकांवर अवलंबून असणाऱ्या व मंदगतीने वाढणाऱ्या प्रकारात आढळला. 'बेसल' सदृश उग्र प्रकारात आढळला नाही.

स्तन्यनिर्मितीच्या काळात स्तनपेशी परिपक्व होतात, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. तथापि हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. त्यात संबंध दिसतो, कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. म्हणून स्तनपानाचा इतिहास हे साध्यासाध्यतेच्या विचारातील एक अंग मानावे. रोगाची अवस्था, लसिकाग्रंथींचा सहभाग व अर्बुदाचा प्रकार यांचे स्थान त्याला देता येणार नाही.

व्यवसायात याचा उपयोग कसा करावा? प्रथम, केसपेपरवर अपत्यांची संख्या, पहिल्या प्रसूतीचे वय व स्तनपानाचे एकूण महिने यांची नोंद अवश्य करावी. दुसरे, ज्या रुग्णेने स्तनपान दिलेले नाही, तिला दोष लागेल असा शब्द आपल्या मुखातून जाऊ नये. काहींना दूधच आले नाही, काहींना अपत्यच नाही. आजाराच्या जोडीला अपराधभावनेचे ओझे कशाला?

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. स्तनपान देणाऱ्या मातेच्या स्तनातील गाठ ही दुधाचीच गाठ, असे गृहीत धरून लेप व शेक यांत महिने घालवू नयेत. स्तनपान धोका कमी करते, नाहीसा करीत नाही. दोन आठवड्यांत न विरणारी गाठ सोनोग्राफी व शल्यचिकित्सकाच्या मतासाठी पाठवावी. सोनोग्राफीसाठी स्तनपान थांबवावे लागत नाही.

औषधविक्रेत्या बंधूंनाही एक विनंती. स्तन्यवृद्धीसाठी शतावरीकल्प मागण्यास आलेल्या स्त्रीस स्तनात गाठ आहे काय, कर्करोगाचे उपचार चालू आहेत काय, एवढे विचारावे. केमोथेरपी वा टॅमॉक्सिफेन चालू असताना स्तनपान वर्ज्य असते, आणि संप्रेरकावलंबी अर्बुदाच्या रुग्णेस कोणतेही कल्प तिच्या कर्करोगतज्ज्ञाच्या संमतीवाचून देऊ नये.

स्तनपानाचा पुरस्कार आपले शास्त्र बालकाच्या हितासाठी करीत आले आहे. मातेच्या हिताचे हे नवे प्रमाण त्यात भर घालते. मात्र गाठ वेळेवर ओळखणारा वैद्य त्या मातेच्या आयुष्यात याहून मोठी भर घालू शकतो, असे आम्हांस वाटते.