गाडीच्या आरशातील घराची किल्ली

अमेरिकेतील उपनगरांत घराचा पुढचा दरवाजा बहुधा पाहुण्यांसाठी असतो. घरची माणसे ये-जा करतात ती गॅरेजमधून. मोटार रस्त्यावरून आत वळते, गॅरेजचा रुंद दरवाजा छताकडे सरकतो, गाडी आत शिरते आणि दरवाजा तिच्यामागे मिटतो. गॅरेजमधून घरात उघडणाऱ्या आतल्या दाराला कुलूप लावण्याची तसदी पुष्कळ घरांत कोणी घेत नाही. मुलांकडे काही महिने राहायला गेलेल्या आपल्याकडच्या आई-वडिलांना याचे प्रथम नवल वाटते आणि मग त्याची सवय होते. घरात नवी गाडी आली की मात्र एक काम हमखास निघते. गाडीच्या आरशावर, छतावर किंवा सन व्हायझरवर बसवलेली तीन छोटी बटणे त्या दरवाजाशी जोडून द्यायची असतात. पुस्तिका समोर ठेवूनही हे काम अनेकांच्या हातून अर्ध्यावर अडते. अडण्याचे कारण समजले, तर ही तीन बटणे म्हणजे नेमके काय आहे हेही समजते.

या सोयीचे सर्वांत प्रचलित नाव होमलिंक. मिशिगन राज्यातील हॉलंड या गावच्या प्रिन्स कॉर्पोरेशनने ती विकसित केली. १९९६ मध्ये ही कंपनी जॉन्सन कंट्रोल्सकडे गेली आणि २०१३ मध्ये होमलिंकचा व्यवसाय मोटारींचे आरसे बनवणाऱ्या जेन्टेक्स कंपनीने विकत घेतला. आज ही बटणे अनेक गाड्यांत आरशाच्याच चौकटीत दिसतात, ती त्यामुळे. आत असतो एक छोटा रेडिओ, जो ऐकूही शकतो आणि बोलूही शकतो. गॅरेजच्या रिमोटचा संकेत तो ऐकतो, लक्षात ठेवतो आणि पुढे बटण दाबले की स्वतः पाठवतो. हे रिमोट अमेरिकेत प्रामुख्याने ३०० ते ३९० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात.

पहिला टप्पा सोपा आहे. गाडी अगदी नवी असेल, किंवा आधी दुसऱ्याच्या मालकीची असेल, तर प्रथम जुनी स्मृती पुसावी. कडेची दोन बटणे एकदम दाबून धरायची. दहा ते वीस सेकंदांनी दिवा भराभर लुकलुकू लागला की सोडायची. तिन्ही बटणांवरचे सारे त्याबरोबर पुसले जाते. म्हणूनच एका बटणावर दरवाजा जोडून झाल्यावर दुसऱ्या बटणासाठी हा विधी पुन्हा करू नये. पहिली मेहनत वाया जाते. मग हातातला रिमोट गाडीच्या बटणांपासून तीन ते आठ सेंटिमीटरवर धरायचा आणि रिमोटचे व गाडीचे निवडलेले बटण एकाच वेळी दाबून ठेवायचे. आधी सावकाश लुकलुकणारा दिवा जलद लुकलुकू लागला, की गाडीने ऐकले असे समजावे. अलीकडच्या गाड्यांत दिवा नारिंगीचा हिरवा होतो. कॅनडात रिमोटचा संकेत काही सेकंदांत आपोआप थांबतो, त्यामुळे तिथे रिमोटचे बटण धरून न ठेवता दर दोन सेकंदांनी पुन्हा दाबावे लागते.

दिवा जलद लुकलुकला, माणूस आनंदाने बटण दाबतो आणि दरवाजा ढिम्म हलत नाही. येथेच बहुतेकांचा धीर सुटतो. रिमोट बिघडला, गाडी सदोष आहे, असे तर्क सुरू होतात. वास्तविक काहीच बिघडलेले नसते. दरवाजाने गाडीला ओळखलेले नसते, इतकेच.

हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. जुन्या रिमोटमध्ये बारीक खटक्यांची एक ओळ असे, आठ ते बारा खटके. प्रत्येक खटका वर किंवा खाली. छतावरच्या यंत्रातही तशीच ओळ. दोन्ही जुळवल्या की दरवाजा उघडे. बारा खटक्यांचे ४,०९६ मेळ होतात. संकेत कायमचा एकच असल्यामुळे तो एकदा ऐकला की नक्कल पुरी. अशा दरवाजासाठी गाडीचा पहिला टप्पा पुरेसा आहे. पण जे गाडीला जमते ते चोरालाही जमते, आणि ४,०९६ ही संख्या यंत्रासाठी फार लहान आहे.

ती किती लहान, हे २०१५ मध्ये सॅमी कामकार या अमेरिकी सुरक्षा-संशोधकाने दाखवून दिले. मॅटेल कंपनीच्या एका जुन्या खेळण्यात फेरफार करून त्याने असे स्थिर संकेत असलेले दरवाजे उघडले. सर्व मेळ एकेक करून पाठवायला सुमारे २९ मिनिटे लागली असती. त्याला लागले आठ सेकंद. यातली मेख अशी, की अनेक जुनी ग्राहकयंत्रे चुकीचा संकेत आला तरी मागचे पुसून नव्याने ऐकत नाहीत. ती फक्त शेवटचे बारा अंक पाहत राहतात. म्हणजे दोन संकेत एकमेकांत गुंफून पाठवता येतात. शाळेत वृत्ते शिकलेल्यांना हे कोडे अनोळखी नाही. गण लक्षात ठेवण्यासाठी आपण ‘यमाताराजभानसलगा’ घोकले आहे. पहिली तीन अक्षरे ‘यमाता’ हा य गण, एक अक्षर पुढे सरकले की ‘मातारा’ हा म गण, मग ‘ताराज’ हा त गण. लघु-गुरूंचे आठही गण सुटे लिहिले असते तर चोवीस अक्षरे लागली असती; गुंफल्यामुळे दहांत भागले. पाश्चात्त्य गणितात अशा मालिकेला द ब्रुइन या डच गणितज्ञाचे नाव आहे. कामकारने नेमके हेच केले. बारा अंकी सर्व संकेत सुटे पाठवले तर ४९,१५२ अंक होतात. गुंफले तर ४,१०७.

यावरचा उपाय उद्योगाने त्याआधीच, १९९० च्या दशकात, आणला होता. त्याला बदलता संकेत म्हणता येईल. रिमोटमध्ये एक मोजणी चालू असते. प्रत्येक दाबाबरोबर ती एकने वाढते आणि गुप्त सूत्रातून घुसळून निघालेला नवा संकेत हवेत जातो. छतावरच्या यंत्राकडेही तेच सूत्र आणि तीच मोजणी असते. वापरून झालेला संकेत पुन्हा आला तर ते दुर्लक्ष करते. रिमोट खिशात चुकून दाबला गेला आणि मोजणी थोडी पुढे गेली, तरी चालावे म्हणून पुढच्या काही संकेतांची मुभा असते; दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या कीलॉक या प्रसिद्ध पद्धतीत ती सोळांची आहे. या पद्धतीही अभेद्य नाहीत. कीलॉक २००७-०८ च्या सुमारास संशोधकांनी भेदले. तरीही हवेतला संकेत नुसता टिपून ठेवून दुसऱ्या दिवशी दरवाजा उघडण्याची जुनी युक्ती त्यांच्यापुढे चालत नाही.

आता गाडीची अडचण उघड होते. बदलत्या संकेताची नक्कल करण्यात अर्थच नाही, कारण नक्कल होईपर्यंत तो शिळा झालेला असतो. पहिल्या टप्प्यात गाडी रिमोटकडून एवढेच शिकते की हा दरवाजा कोणत्या जातीचा आहे, कोणती भाषा बोलतो. ती रिमोटची प्रतिकृती होत नाही. स्वतःची वेगळी ओळख असलेली नवी किल्ली होते. आणि नव्या किल्लीची ओळख कुलपाला करून द्यावीच लागते.

हा दुसरा टप्पा गाडीत बसून होत नाही. छताला टांगलेल्या मोटारीपाशी शिडी लावून चढावे लागते. तिथे ‘लर्न’ किंवा ‘स्मार्ट’ असे लिहिलेले एक बटण असते, अनेकदा दिव्याच्या झाकणामागे. चेंबरलेन आणि लिफ्टमास्टरच्या यंत्रांत त्याचा रंगही बोलका असतो: जांभळा म्हणजे ३१५ मेगाहर्ट्झ, नारिंगी किंवा लाल म्हणजे ३९०, आणि पिवळा म्हणजे २०११ पासूनची नवी पिढी. ते बटण एकदाच दाबून लगेच सोडायचे. त्यानंतर साधारण तीस सेकंद हातात असतात. तेवढ्यात गाडीतले बटण दोन सेकंद दाबून सोडायचे, आणि हेच दोनदा-तीनदा करायचे. दरवाजा हलला की ओळख पटली. शिडीवरून उतरून गाडीपर्यंत धावत जाणे वयस्कर माणसाने करू नये. एकाने वर थांबावे, दुसऱ्याने गाडीत बसावे. दरवाजाखाली कोणी नाही हे आधी पाहावे. १ एप्रिल १९८२ पूर्वी बनलेल्या यंत्रांना तर गाडी जोडूच नये, असे होमलिंकच्या पुस्तिका बजावतात, कारण अडथळा लागल्यावर थांबून उलट फिरण्याची सोय त्यांत नसते.

सारे बरोबर करूनही जमले नाही, तर गाडी आणि यंत्र यांची वये ताडून पाहावीत. २०११ पूर्वीच्या पुष्कळ गाड्यांना पिवळ्या बटणाची भाषा येत नाही. त्यासाठी गॅरेजमध्ये लावायचा छोटा दुभाषा, म्हणजे जोडयंत्र, वेगळे मिळते.

किल्ली द्यायची विसरत नाही कोणी. परत घ्यायची मात्र विसरतो. जुनी गाडी विकताना माणूस कागदपत्रे, चार्जर, डिकीतली छत्री आठवणीने काढतो, पण आरशातली तीन बटणे तशीच राहतात. गाडीच्या कागदांवर घराचा पत्ता असतो आणि आरशावर त्या घराचे दार उघडणारे बटण. गाडी विकताना, भाडेकरार संपून परत देताना किंवा विमा कंपनीच्या ताब्यात सोडताना कडेची दोन बटणे दाबून स्मृती पुसणे हे वीस सेकंदांचे काम आहे. रात्री गाडी घरासमोर उघड्यावर उभी राहत असेल तर काच फोडणाऱ्याला घराच्या कुलपाला हातही लावावा लागत नाही, कारण काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही ही बटणे चालतात. आतल्या दाराला कुलूप हवे ते यासाठी. गाडी चोरीला गेली तर पुसायला गाडी हाताशी नसते. अशा वेळी उलट बाजूने जावे. चेंबरलेनच्या पद्धतीच्या यंत्रांत छतावरचे तेच ‘लर्न’ बटण सहा सेकंदांहून अधिक दाबून धरले, की जोडलेले सारे रिमोट एकदम परके होतात. नंतर आपले तेवढे पुन्हा जोडायचे. घर विकत घेतल्यावरही पहिल्या दिवशी हेच करावे.

गोव्यात गॅरेजची ही पद्धत रुळलेली नाही. पण सरकत्या फाटकांच्या मोटारी अनेक बंगल्यांना आणि वसाहतींना लागल्या आहेत, आणि त्यांचे रिमोट सर्रास ४३३ मेगाहर्ट्झवर चालतात. त्यांतही स्थिर आणि बदलत्या संकेताचे दोन्ही प्रकार मिळतात. आपल्याकडचा कोणता, हे कळण्याची एक घरगुती खूण आहे. दुकानदाराने नवा रिमोट जुन्याच्या तोंडाशी धरून तयार केला आणि फाटकाच्या मोटारीला हात न लावता तो चालू लागला, तर संकेत बहुधा स्थिर आहे. जो कोणी तुमचा रिमोट पाच मिनिटे हाताळेल तो तशीच प्रत काढू शकतो. जुना भाडेकरू गेला, राखणदार बदलला किंवा रिमोट हरवला, तर फाटक बसवणाऱ्याला बोलावून ग्राहकयंत्राची स्मृती पुसून घ्यावी आणि घरातले रिमोट मोजून पुन्हा जोडावेत. स्थिर संकेताच्या यंत्रात एवढ्याने भागेलच असे नाही, कारण तोच जुना रिमोट पुन्हा जोडला की त्याच्या सगळ्या प्रतीही पुन्हा जिवंत होतात. तिथे रिमोट नवे घ्यावे लागतात, आणि घेतानाच बदलत्या संकेताचा ग्राहक व त्याचे रिमोट असा संच मागावा. जुनी मोटार तशीच ठेवून तो अनेकदा जोडता येतो.