विहीर आधी, पॅनल मागून

सुलतानपूर हे लोणार तालुक्यातलं रस्त्यावरचं गाव. मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणारी गाडी इथं थांबते आणि सरोवर बघायला निघालेला माणूस इथून लोणारकडे वळतो. या गावात मी सेवा केंद्र चालवते. सातबारा, पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, पोरांचे परीक्षेचे फॉर्म, सगळं एकाच टेबलावर. पण अलीकडे सगळ्यात जास्त माणसं येतात ती सौरपंपाच्या अर्जासाठी. खुर्चीत बसायच्या आधीच सांगतात, "ताई, साडेसात एचपीचा टाका." मी विचारते, "काका, मार्च महिन्यात तुमच्या विहिरीत पाणी किती हात असतं?" यावर बहुतेक जण गप्प होतात. तरीही मी विचारते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

आमच्याकडे हरभरा, गहू, कांद्याचं बी हे सगळं हिवाळ्यातलं ओलीत. शेतीची थ्री फेज लाईन पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात माझे वडील बॅटरी आणि काठी घेऊन वावरात जायचे. डुकरांचे कळप, दाऱ्यावर पाय टाकताना गवतात साप, ओल्या हातानं स्टार्टरला लावलेला हात, आणि त्यातच लाईन गेली तर अर्धा गहू कोरडा. आई घरात जागी राहायची. जिचा नवरा वारला आहे अशी बाई रात्री एकटी पाणी द्यायला कशी जाणार? ती एक तर ओलीत सोडून द्यायची, नाही तर सालदाराला पैसे द्यायची. म्हणून मला वाटतं, सौर धोरणातली सगळ्यात मोठी गोष्ट अनुदान नव्हे, दिवसा पाणी ही आहे. सूर्य असताना मोटर चालते, एवढ्या एका गोष्टीनं बाईच्या हातात स्वतःचं वावर येतं.

आता अनुदानाचं. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' ही राज्याची योजना २०२४ मध्ये आली. तिच्याआधी २०१९ पासून केंद्राची 'पीएम कुसुम' होती आणि त्याच सुमाराला राज्याची 'मुख्यमंत्री सौर कृषिपंप' योजनाही सुरू झाली होती. नव्या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्यानं किमतीच्या १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं ५ टक्के. किमतीचे ३० टक्के केंद्र देतं, उरलेलं राज्य. तीन एचपीच्या संचाला शेतकऱ्याचा वाटा वीस-पंचवीस हजारांच्या घरात जातो. पंप, पॅनल, कंट्रोलर, उभारणी सगळं त्यात. पुढे वीजबिल नाही. पाच वर्षं दुरुस्तीची हमी आणि विमा पुरवठादाराकडे.

सरकार ९० टक्के का घालतं, असं मला एका मुलानं विचारलं. हिशोब सोपा आहे. शेताच्या डीपीपर्यंत एक युनिट पोहोचवायला जो खर्च येतो, त्याचा लहानसा भागच शेतीच्या दरातून वसूल होतो. उरलेल्यातला बराच भार कारखाने आणि दुकानं जास्त दर भरून उचलतात. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांचं बिल 'मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजने'त राज्य सरकारच भरतं. म्हणजे वाढणारं प्रत्येक नवं कनेक्शन सरकारच्या खात्यावर कायमचा खर्च होतं. त्यापेक्षा एकदाच पैसे घालून सौरपंप बसवला तर पुढे खांब नाही, तार नाही, बिल नाही. कोटेशन भरून वर्षानुवर्षं कनेक्शनची वाट बघणाऱ्याला या धोरणात पहिलं स्थान मिळालं, ते योग्यच झालं.

पंपाची क्षमता जमिनीवरून ठरते. अडीच एकरापर्यंत तीन एचपी, पाच एकरापर्यंत पाच, त्यावर साडेसात. माझं म्हणणं इथून सुरू होतं. सातबाऱ्यावर जमीन किती हे कळतं, जमिनीखाली पाणी किती हे कळत नाही. आपला हा भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा. पाणी असतं ते वरच्या कुजलेल्या, भेगाळलेल्या थरात, आणि विहिरीत ते झिरपत येतं, धावत नाही. हिवाळा संपेपर्यंत बऱ्याच विहिरी तास-दोन तासांत उपसून जातात आणि पुन्हा भरायला अर्धा दिवस घेतात. अशा विहिरीवर साडेसातचा पंप बसवला तर काय होतं? सकाळी अकराला पाणी तळाला जातं, कंट्रोलर कोरडं चालणं ओळखून मोटर थांबवतो, आणि कडक उन्हात ते सगळे पॅनल वाया बसून राहतात. तीन एचपीचा पंप त्याच विहिरीवर सकाळी हळू सुरू होतो, दुपारी वाढतो, चारनंतर पुन्हा मंदावतो. विहीर झिरपते त्या चालीनं तो उपसतो. दिवसभराचं पाणी मोजलं तर लहान पंपाचं कमी भरेलच असं नाही. ठिबक असेल तर त्याला तीन एचपी पुरतो, फक्त एका वेळी थोड्याच नळ्या सोडाव्या लागतात.

आणि महत्त्वाचं म्हणजे, पात्रतेपेक्षा कमी क्षमतेचा पंप मागता येतो. नियमात तशी सोय आहे, पण शेतकऱ्याला ते कुणी आपणहून सांगत नाही. सरकार देतंय तर मोठा घ्यावा, असंच त्याला वाटतं. त्यात फुकट वीज आणि दिवसभर ऊन, म्हणजे उपसा थांबवायला कारणच उरत नाही. शेजारच्या चार विहिरींवर मोठे पंप आले की पाचवी विहीर आटते, हे आपण बोअरवेलच्या काळात पाहिलं आहे. शासनानं पंप बसवण्याआधीच्या संयुक्त पाहणीत विहिरीचा उन्हाळी उपसा लिहून घेणं सक्तीचं करावं, अशी माझी कळकळीची मागणी आहे. आज त्या पाहणीत जागा, सावली, स्रोत हे बघतात. तेवढ्यावर भागत नाही.

अर्जाची दुसरी अडचण घरातली. विहीर सामाईक, भाऊ तिघं, बोलणं बंद. मग स्टॅम्प पेपरवर ना हरकत कोण देणार? सातबाऱ्यावर विहिरीची नोंदच नसते, तलाठ्याकडून ती करून घेईपर्यंत हंगाम निघून जातो. जमीन अजून वारलेल्या सासऱ्याच्या नावावर असते. मी येणाऱ्या प्रत्येकाला आधी वारसाची आणि विहिरीची नोंद करायला पाठवते. एक ताकीद सगळ्यांना: 'पैसे भरा, लगेच पंप' असे मेसेज आणि खोट्या वेबसाइट फार आहेत. पैसे भरायचे ते फक्त महावितरणच्या पोर्टलवर मागणी आल्यावर. पुरवठादार निवडायचा हक्क शेतकऱ्याचा आहे. निवडताना विचारावं, यांचा दुरुस्तीचा माणूस सगळ्यात जवळ कुठं बसतो.

ज्यांच्याकडे आधीच विजेचं कनेक्शन आहे, त्यांनी सौरपंपाच्या मागे लागायचं कारण नाही. त्यांच्यासाठी 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना' आहे. हिची सुरुवात २०१७ मध्ये, राळेगणसिद्धी आणि यवतमाळच्या कोळंबीपासून. २०२३ मध्ये दुसरा टप्पा आला. यात शेतात पॅनल येत नाहीत. उपकेंद्राच्या जवळ दोन, पाच, दहा मेगावॅटचा प्रकल्प उभा राहतो, त्याची वीज थेट शेतीच्या फीडरला जाते, आणि शेतकऱ्याची जुनी मोटर तशीच राहून दिवसा चालते. ही वीज महावितरणला युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते, तीही वर्षानुवर्षांच्या करारानं. या टप्प्यातला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला, ३ मेगावॅटचा, २०२४ मध्ये सुरू झाला. १,७५३ शेतकऱ्यांना त्यातून दिवसा वीज मिळू लागली. आमच्या मेहकरलाही समृद्धी महामार्गाच्या इंटरचेंजजवळच्या जागेत २ मेगावॅटचा प्रकल्प झाला आहे. रस्त्यासाठी आधीच गेलेली जमीन अशी पुन्हा कामाला येते, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

प्रकल्पाला जमीन भाड्यानं दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ मिळते. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, असे तीन वर्षं. खडकाळ माळ असेल तर हा चांगला व्यवहार आहे. पण गायरान द्यायचं ठरलं तर ग्रामसभेत शेळ्या-गाईवाल्यांना आधी बसवून विचारलं पाहिजे. त्यांची चराई कुठं जाणार, हे लेखी ठरल्याशिवाय ठराव होऊ नये.

घरांचं थोडक्यात सांगते. घराच्या छतावर पॅनल बसवायची 'पीएम सूर्यघर' योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,०००, तीन आणि त्यावर ७८,००० अनुदान. महिन्याला शंभर युनिटच्या आत वापरणाऱ्या घरांसाठी राज्यानं २०२५ मध्ये 'स्मार्ट' योजनेतून आणखी भर घातली: दारिद्र्यरेषेखालच्या घराला १७,५००, अनुसूचित जाती-जमातीला १५,०००, इतरांना १०,०००. एक किलोवॅटचा खर्च ५०,००० धरला तर दारिद्र्यरेषेखालच्या घराला अडीच हजारच घालावे लागतात, आणि महिन्याला साधारण शंभर-सव्वाशे युनिट वीज तयार होते. अडचण छपराची आहे. ज्या घरांना ही योजना सगळ्यात जास्त हवी, त्यांच्यावर टिनाचे पत्रे आहेत, आणि वाऱ्यात पॅनल धरून ठेवेल असा सांगाडा पत्र्याखाली नसतो. घरकुलाच्या स्लॅबवर आधी लक्ष दिलं तर ही अडचण बरीच सुटेल.

आता मला सगळ्यात जास्त काळजी आहे ती पाच वर्षांनंतरची. पॅनल वीस-पंचवीस वर्षं टिकतात, पण कंट्रोलर आणि मोटर तेवढी टिकत नाहीत. पहिल्या योजनांमधल्या पंपांची हमी आता संपत चालली आहे. कंट्रोलर बंद पडलेला शेतकरी माझ्याकडे कागद घेऊन येतो आणि मला त्याला सांगावं लागतं की हमीची तारीख उलटली. त्याच्याकडे विजेचं कनेक्शन नाही, आणि जवळपास दुरुस्ती करणारा कुणी नाही. सरकारनं पंपांवर जेवढा पैसा घातला, त्यातला थोडा भाग आयटीआयच्या वायरमन आणि इलेक्ट्रिशियनच्या पोरापोरींना सौर कंट्रोलर शिकवायला द्यावा. प्रत्येक तालुक्याला सुट्या भागांचं एक दुकान असावं आणि त्यातले दर ठरवून भिंतीवर लावलेले असावेत. गव्हाला तिसरं पाणी द्यायचं असतं तेव्हा आठ दिवस थांबता येत नाही.