रुमालाखालचा सौदा, पडद्यावरची बोली

सोलापूर-धुळे महामार्गावरचं तेरखेडा राज्यभर ओळखलं जातं ते फटाक्यांसाठी. दिवाळीच्या तोंडावर तिथल्या दुकानांपुढे लांबलांबची गिऱ्हाइकं उभी असतात, आणि त्याच दिवसांत वाशी तालुक्याच्या शिवारात सोयाबीनची मळणी चालू असते. फटाक्याला डब्यावर किंमत छापलेली असते. सोयाबीनच्या पोत्याला ती बाजार समितीत दुसराच कुणी लावतो. तो ती कशी लावतो, हे माल पिकवणाऱ्याला दिसावं यासाठी महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांहून अधिक काळ नियम होत आले आहेत.

सुरुवात वऱ्हाडात झाली. कारंज्याला 1886 मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार उभा राहिला आणि 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तिथे बाजाराचा कायदा यायला 1930 उजाडलं. त्याआधी, आणि पुष्कळ ठिकाणी नंतरही, सौदा रुमालाखाली होई. आडत्या आणि खरेदीदार कापडाआड एकमेकांची बोटं दाबत आणि भाव ठरे. मालाचा धनी शेजारीच उभा असे, पण त्याला आकडा कळे तो व्यवहार झाल्यावर. मग वजनातली कटती, धर्मादायाच्या नावाची कपात आणि नमुना म्हणून उचललेल्या ओंजळी वेगळ्याच. शेतीविषयीच्या शाही आयोगाने 1928 च्या अहवालात नियंत्रित बाजारांची शिफारस केली ती याच लुटीमुळे.

महाराष्ट्राचा 1963 चा पणन कायदा 1967 पासून लागू झाला. उघड लिलाव, परवानाधारक आडते, अधिकृत मापाडी, लेखी हिशेबपट्टी अशी चौकट त्यातून बसली. रुमाल गेला, हे या कायद्याचं मोठं देणं. मात्र चार खरेदीदार आदल्या दिवशीच भाव ठरवून आले, तर मोठ्याने पुकारलेली बोलीही नुसता देखावा ठरते.

त्यावर उपाय म्हणून संगणक आला. शेजारच्या कर्नाटकाने 2014 पासून बाजार समित्या ऑनलाइन जोडायला घेतल्या. केंद्राचा ई-नाम हा ऑनलाइन कृषी बाजार 14 एप्रिल 2016 रोजी आठ राज्यांतल्या 21 बाजारांत सुरू झाला. त्या पहिल्या यादीत महाराष्ट्र नव्हता, तो मागाहून आला. मे 2020 मध्ये देशातले हजार बाजार जोडले गेले होते. पद्धत अशी: फाटकावर मालाची नोंद, ढिगाला क्रमांक, गुणवत्तेची तपासणी आणि मग प्रत्येक खरेदीदाराची गुप्त बोली. दुसऱ्याने किती लावले हे कुणालाच दिसत नाही. सर्वांत वरची बोली शेतकऱ्याला कळते, आणि ती नाकारण्याचा हक्क त्याच्याकडे राहतो. रुमालाखालच्या गुप्ततेने शेतकऱ्याला अंधारात ठेवलं होतं. इथली गुप्तता खरेदीदारांना एकमेकांपासून दूर ठेवते, म्हणून ती न्याय्य आहे.

संगणकाचा पडदा म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे, हे मुंबईने ई-नामच्या आधीच पाहिलं होतं. तिथल्या नॅशनल स्पॉट एक्स्चेंज या मालाच्या बाजारात सगळे सौदे ऑनलाइनच होत होते. 31 जुलै 2013 रोजी व्यवहार थांबले आणि सुमारे 5,600 कोटी रुपयांची देणी उघडी पडली. ज्या मालावर सौदे झाले, तो गोदामांत पुरता नव्हताच. म्हणून तपासणीचं टेबल, काटा आणि पैसे खात्यात पडण्याचा दिवस यांचे नियम बोलीच्या नियमाइतकेच कडक हवेत.

पण नुसता कडक नियमही पुरत नाही. ऑगस्ट 2018 मध्ये हमीभावापेक्षा कमी दराने खरेदी करणाऱ्याला एक वर्षाचा तुरुंगवास आणि 50 हजार रुपये दंड करण्याचा निर्णय राज्याने जाहीर केला, तेव्हा व्यापाऱ्यांनी लिलावाकडेच पाठ फिरवली. अनेक बाजार समित्या ठप्प झाल्या. खरेदीदारच आला नाही, तर उघड लिलाव काय आणि ऑनलाइन काय! त्या दिवसांत भरडला गेला तो दारात पोती रचून बसलेला शेतकरी, आणि त्याची बाजू घेणारं कुणी त्या वादात पुरेसं बोललं नाही.

पुढे 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये क्विंटल होता आणि मराठवाड्याच्या बाजारात दर त्याच्या खालीच राहिले. सरकारी केंद्रावर जावं, तर ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा. परतीच्या पावसात भिजलेलं सोयाबीन तिथून माघारी येत होतं. ही मर्यादा 15 टक्क्यांवर नेण्याचा केंद्राचा निर्णय नोव्हेंबरच्या मध्याला आला. तोवर ज्यांना दिवाळीचा खर्च भागवायचा होता, त्यांचा माल मिळेल त्या भावाने विकून झाला होता.