दीड हजार वॅटचा रॉड आणि सहा अँपिअरचा बोर्ड

मागच्या थंडीतली गोष्ट. सकाळी शाळेची घाई. बादलीत पाणी तापवायचा रॉड लावलेला आणि त्याची वायर बाहेर एक्स्टेन्शन बोर्डात. रॉडची पिन जाड, बोर्डाची छिद्रे बारीक, म्हणून मध्ये बाजारात मिळते ती कन्व्हर्टर पिन घातलेली. थोड्या वेळाने जळक्या प्लास्टिकचा वास आला. धावत जाऊन मेन स्विच बंद केला. बोर्ड एका बाजूने वितळून काळा पडला होता. अल्लाहचा शुक्र, कुणाला काही झाले नाही. पण मुलीने बोर्डाकडे बघून विचारले, "अब्बू, हा हिशेब तर तुम्हीच वर्गात शिकवता ना?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. दरवर्षी फळ्यावर जे गणित सोडवतो ते घरात कधी केलेच नव्हते. ते आज इथे करू या.

आधी चार शब्द. गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा. टाकी जितकी उंच, तितका पाण्याला जोर. विजेतला हा जोर म्हणजे व्होल्टेज, व्होल्टमध्ये मोजतात. आपल्या घरात ते साधारण २३० व्होल्ट असते. पाइपातून किती पाणी वाहते, तशी तारेतून किती वीज वाहते ती विद्युतधारा, म्हणजे करंट; उर्दू माध्यमाची मुले तिला बर्की रौ म्हणतात. ती अँपिअरमध्ये मोजतात. पाइप जितका अरुंद तितकी अडवणूक जास्त. ही अडवणूक म्हणजे रोध, उर्दूत मुजाहमत, माप ओहम. आणि दर सेकंदाला किती काम होते, किती उष्णता निघते, ती शक्ती, वॅटमध्ये.

सूत्रे दोनच पाठ करायची:

रोध = व्होल्ट ÷ अँपिअर
शक्ती = व्होल्ट × अँपिअर

पहिले सूत्र ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते जर्मनीतले जॉर्ज ओहम आमच्यासारखेच शाळामास्तर होते. कोलोनच्या शाळेत शिकवताना केलेल्या प्रयोगांतून निघालेला हा नियम त्यांनी १८२७ साली पुस्तकात मांडला.

आता आमचा रॉड घ्या. त्यावर लिहिले आहे १५०० वॅट. करंट किती? दुसरे सूत्र उलटे करा: १५०० ÷ २३० = सुमारे ६.५ अँपिअर. रोध किती? २३० ÷ ६.५ = सुमारे ३५ ओहम. एक्स्टेन्शन बोर्डावर बारीक अक्षरात छापले होते: ६ अँपिअर. म्हणजे रॉड एकटा लावला तरी मर्यादा ओलांडली गेली होती. आम्ही तर त्याच बोर्डात इस्त्रीही लावत होतो. इस्त्री १००० वॅटची, म्हणजे १००० ÷ २३० = आणखी ४.३ अँपिअर. दोन्ही मिळून जवळपास ११.

"पण मग एमसीबी का पडली नाही?" हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. आमच्या त्या लाइनवरची एमसीबी १६ अँपिअरची. तिच्या दृष्टीने ११ अँपिअर म्हणजे सगळे ठीक. ती फक्त करंट बघते. पुढे कुठल्या बोर्डाची पट्टी सैल पडली आहे, हे तिला कळत नाही.

आणि खरे दुखणे त्या सैल पट्टीतच होते. पिन घट्ट बसत नसेल तर तिथे रोध वाढतो. समजा तो फक्त अर्धा ओहम झाला. दोन्ही सूत्रे एकत्र केली की मिळते: उष्णता = करंट × करंट × रोध. एकट्या रॉडला ६.५ × ६.५ × ०.५ = सुमारे २१ वॅट. आकडा लहान वाटतो ना? रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कथील वितळवतात ते सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते. जवळपास तेवढी उष्णता बोर्डाच्या आत, वाटाण्याएवढ्या जागेत! इस्त्री जोडलेली असेल आणि दोघांचा करंट त्याच सैल जागेतून जात असेल, तर ११ × ११ × ०.५ = ६० वॅट. करंट दुप्पटही झाला नाही, पण उष्णता जवळपास तिप्पट झाली. कारण करंटचा गुणाकार दोनदा होतो.

याच हिशेबाने आणखी एक कोडे सुटते. व्होल्टेज कमी असले की पाणी लवकर तापत नाही. रॉडचा रोध साधारण तोच, ३५ ओहम. व्होल्टेज १८० झाले तर करंट १८० ÷ ३५ = ५.१ अँपिअर, आणि शक्ती १८० × ५.१ = सुमारे ९२० वॅट. म्हणजे १५०० वॅटचा रॉड हजारालाही पोचत नाही. बिल मात्र वाचत नाही. १००० वॅट एक तास चालले की एक युनिट होते. पूर्ण दाबावर रॉड ४० मिनिटांत एक युनिट खातो, कमी दाबावर ६५ मिनिटांत. तेवढेच पाणी तापवायला युनिट तेवढेच लागते, वर वेळ जातो.

आता घरात काय करायचे? वस्तूवरचे वॅट वाचा, २३० ने भागा, आलेला आकडा बोर्डावरच्या अँपिअरशी ताडून बघा. रॉड, गीझर, हीटर यांना १६ अँपिअरचे भिंतीतले सॉकेट आणि जाड वायरच हवी. नसेल तर वायरमनकडून बसवून घ्या. जाड पिनेचा अर्थच 'मला करंट जास्त लागतो' असा आहे, कन्व्हर्टर लावून तिचे तोंड बंद करू नका. पिन हाताला गरम लागली किंवा सैल वाटली तर ते सॉकेट बदला. आणि पाणी तापले का हे बघायला बोट बुडवण्याआधी स्विच बंद करून पिन काढा.

तो काळा बोर्ड आम्ही फेकला नाही. यंदा हा धडा शिकवताना तो टेबलावर ठेवला आणि मुलांना म्हटले, आज घरी जाऊन प्रत्येकाने आपापल्या बोर्डावरचा आकडा वाचून यायचा. आपणही आज तेवढे करा.