हाताचा व्यायाम : भेटकार्डांचा

दिवाळी झाली की आमच्या विभागातील मोठ्या टेबलावर रंगीत कागदांचा पसारा सुरू होतो, तो संक्रांतीपर्यंत आवरत नाही. रबरी शिक्के, शाईची पॅडे, जुन्या लग्नपत्रिका, बोथट टोकाच्या कात्र्या, अर्धे कापलेले बटाटे. नवा रुग्ण आत येतो आणि आपण चुकून बालवाडीत आलो की काय, अशा चेहऱ्याने दारातच थांबतो. गेल्या वर्षी एका सूनबाईंनी तर स्पष्टच विचारले, ''मॅडम, मामंजींना अर्धांगवायू झालाय. त्यांना मालिश, व्यायाम काही देणार, की नुसती कार्डं करायला लावणार?''

प्रश्न रास्त होता. म्हणून आजच्या लेखात त्याचेच उत्तर देते.

आमच्या शास्त्राचे नाव व्यवसायोपचार. या नावाने फार घोटाळा होतो. ''मुलाला कुठे चिकटवून देता का?'' असे विचारायला येणारे पालक मला आजही भेटतात. येथे 'व्यवसाय' म्हणजे नोकरी नव्हे. माणूस दिवसभर हाताने जे जे करतो, बटण लावतो, भाकरी थापतो, कुलूप उघडतो, ते सारे व्यवसाय. हरवलेली कामे कामांतूनच परत मिळवायची, ही यामागची कल्पना. आपल्या देशात तिची रीतसर शाळा १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाली आणि ती सुरू केली कमला निंबकर यांनी. त्या मूळच्या अमेरिकेच्या, माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. सातारा जिल्ह्यातील वाचकांना हे नाव फलटणच्या कमला निंबकर बालभवन या शाळेमुळे माहीत असेल. ती शाळा त्यांच्याच नावाने आहे. पण हाताने काम करण्याला औषधाचा दर्जा देणाऱ्या या बाई होत्या, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आता त्या मामंजींकडे वळू. गृहस्थ टपाल खात्यातून निवृत्त झालेले. उजवी बाजू गेलेली. पाय बराच सुधारला होता, काठी घेऊन चालत होते. हात मात्र कोपरात दुमडलेला, मूठ मिटलेली. घरच्यांनी कोणाच्या तरी सांगण्यावरून हातात रबरी चेंडू दिला होता आणि सकाळ-संध्याकाळ शंभर वेळा दाबायला लावत होते. चार महिन्यांत मूठ अधिकच घट्ट झाली होती.

चेंडूचा हा सल्ला इतका सार्वत्रिक आहे की येथे थोडे थांबले पाहिजे. अर्धांगवायूनंतर अनेक रुग्णांच्या बोटे मिटणाऱ्या स्नायूंत ताठरपणा येतो. मूठ मिटणे त्यांना येतेच, नको इतके येते. अडते ते मूठ उघडण्यापाशी. मनगट वर उचलणे, बोटे पसरणे, धरलेली वस्तू सोडणे ही कामे मेंदूला पुन्हा शिकायची असतात. अशा हाताला दिवसभर चेंडू दाबायला लावणे म्हणजे जे येते त्याचाच सराव देणे. हात लुळा आहे की ताठर, हे तपासल्याशिवाय चेंडू देऊ नये.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. एक हात निकामी झाला की माणूस आठवडाभरातच दुसऱ्याने सारे उरकायला शिकतो. जेवण डाव्याने, सही डाव्याने, दार डाव्याने. दुखऱ्या हातात थोडी शक्ती परत आली तरी त्याला कोणी बोलावतच नाही आणि मग मेंदूही त्याला विसरतो. एडवर्ड टाऊब या अमेरिकन शास्त्रज्ञाने याला शिकून घेतलेला अ-वापर म्हटले. यावर उपाय म्हणून चांगला हात मोज्यात अडकवून ठेवायचा आणि दुबळ्या हाताकडून रोज काही तास कामे करून घ्यायची, अशी पद्धत निघाली. अमेरिकेत २२२ रुग्णांवर केलेली तिची चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. या रुग्णांना झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेले होते. दोन आठवड्यांच्या या उपचाराने त्यांचा हात नेहमीच्या उपचारांपेक्षा स्पष्टपणे अधिक सुधारला आणि सुधारणा वर्षभर टिकली. मात्र ज्यांचे मनगट आणि बोटे थोडी तरी वर उचलली जात होती, अशांनाच त्यात घेतले होते. शिवाय हे वाचून घरी कोणी चांगला हात बांधून ठेवू नये. तोल जाऊन पडल्यास सावरायला तोच हात असतो.

या साऱ्यात महत्त्वाची आहे ती आवर्तनांची संख्या. मेंदूला नवी वाट पाडायला एकच हालचाल शेकडो वेळा करावी लागते आणि ती लक्ष देऊन करावी लागते. ''हात वर करा, खाली करा'' असे शंभर वेळा सांगितले तर शहाण्या माणसाचाही जीव वैतागतो. येथे भेटकार्ड कामाला येते. एका कार्डावर आठ-दहा ठसे धरले तरी वीस कार्डांचे दोनशे ठसे होतात. प्रत्येक ठशाला शिक्का उचलायचा, पॅडवर टेकवायचा, कागदावर नेमक्या जागी न्यायचा, तळहाताने दाबायचा आणि सोडायचा. दाबताना मनगट आपोआप मागे वळते आणि कोपर सरळ होतो. ताठरलेल्या हाताला आम्ही जी हालचाल मागत असतो, ती हीच. शिवाय चूक लगेच दिसते. ठसा अर्धवट उमटला म्हणजे दाब एका बाजूला पडला. डाग पसरला म्हणजे हात सरकला. मी काही सांगायच्या आधी रुग्ण स्वतःच ''छे'' म्हणतो आणि पुढचा ठसा नीट मारतो.

आमच्या या गृहस्थांनी तर नोकरीची कित्येक वर्षे पत्रांवर शिक्के मारण्यात घालवलेली. पहिल्या दिवशी डाव्या हाताने उजव्याची बोटे सोडवून मी शिक्का हातात दिला, तर त्यांना हसू आले आणि मग डोळ्यांत पाणी. पहिले पंधरा दिवस कागदावर फक्त डाग होते. संक्रांतीपर्यंत बावीस कार्डे झाली. त्यांतली चार त्यांनी स्वतःच बाद केली, कारण पतंग तिरका आला होता. आज ते उजव्या हाताने कागद दाबून धरतात, तांब्या उचलतात, दाराची कडी काढतात. शर्टाची वरची दोन बटणे अजून सूनबाईच लावून देतात. चौथ्या महिन्याऐवजी पहिल्याच महिन्यात आले असते तर तीही लागली असती का, हे सांगता येत नाही; पण पहिले तीन महिने सुधारणेला सर्वांत अनुकूल असतात आणि त्यांचे ते महिने चेंडूत गेले, एवढे खरे.

घरी हे करायचे असल्यास रुग्णाला पाठ असलेल्या खुर्चीत बसवावे, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले. टेबल कोपराच्या उंचीला हवे आणि दुबळा हात पूर्ण टेबलावर ठेवलेला हवा. तो बाजूला लोंबकळत राहिला तर खांद्याचा सांधा सैल होऊन दुखू लागतो. त्याच कारणाने रुग्णाला दंडाला धरून ओढू-उचलू नये. शिक्क्याची मूठ जाड करावी. सायकलच्या दांड्यावर बसवायची रबरी मूठ त्यावर चढवली की झाले, नाहीतर जुने सुती कापड गुंडाळावे. कार्डाखाली ओले फडके घातले म्हणजे कागद सरकत नाही. शिक्का मारणे जमत नसेल त्याने दुबळ्या हाताने कागद दाबून धरावा, चांगल्याने ठसा मारावा. तेही कामच आहे. वीस मिनिटे काम, थोडी विश्रांती, पुन्हा वीस मिनिटे.

शिक्के विकतच आणायला हवेत असे नाही. कचेरीच्या आसपास शिक्के करून देणारे असतात, ते फूल-पतंगाचे चित्रही करून देतात. पण शाळेत आपण सर्वांनी भेंडीचा आडवा काप शाईत बुडवून फुले काढलेली आहेत, ती विद्या विसरायला नको. बटाटा, कोबीचा दांडा, जुने खोडरबर, सारे चालते. नक्षीच्या कागदासाठी मात्र लग्नपत्रिकेला तोड नाही. मार्गशीर्षापासून आषाढापर्यंत घरात इतक्या सोनेरी, जाड, मखमली पत्रिका येऊन पडतात की मोबाईलवर आमंत्रणे देण्याच्या काळातही त्यांचा ढीग कमी झालेला नाही. त्यांच्या कडा कापून कार्डाला चौकट करावी. पुण्याच्या शिवाजीनगरमध्ये १९४० साली हातकागद संस्था सुरू झाली. तसला खरबरीत हातकागद मिळाला तर तो दुबळ्या बोटांना धरायला सोपा जातो. गुळगुळीत कागद निसटतो.

हे काम सर्वांनाच सारखे मानवत नाही. साठीच्या पुढच्या पुष्कळ बायकांचा अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजलेला असतो. डब्याचे झाकण फिरवताना तेथे कळ येते. अंगठा आणि बोटाच्या टोकांनी एक किलोची चिमटी धरली तर अंगठ्याच्या मुळाशी सुमारे बारा किलोचा भार येतो, असे मोजमाप आहे. तेव्हा अशांनी कात्रीने जाड कागद तासन्‌तास कापू नये. कागद दुमडून हाताने फाडावा, फाटलेली कड उलट छान दिसते. शिक्का चिमटीत न धरता तळहाताखाली धरून दाबावा. कामानंतरचे दुखणे दोन तासांपेक्षा जास्त राहिले, तर दुसऱ्या दिवशी काम निम्मे करावे. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येत असेल, तर तो वेगळा विकार असू शकतो; कार्डे बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवावे.

सर्वांत जपायला हवे ते ज्यांच्या हाताला स्पर्श कळत नाही त्यांनी. मधुमेहात असे होते, कुष्ठरोगातही. मिरजेला कुष्ठरोग नवा नाही. येथे १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिशन रुग्णालय सुरू केले आणि पुढे कुष्ठरुग्णांसाठी रिचर्डसन रुग्णालय निराळे उभे राहिले. वाकलेली बोटे शस्त्रक्रियेने सरळ करता येतात, हे वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले. बोटे झडतात ती रोगाने 'सडून' नव्हे, तर वेदना न कळल्याने झालेल्या जखमा आणि भाजण्याने, हेही त्यांनीच ठासून मांडले. म्हणून बधिर हाताच्या माणसाने काम करूच नये असे नाही. आनंदवनातील माणसांच्या हातची भेटकार्डे कितीतरी घरांत पोहोचली आहेत. फक्त वेदनेचे काम डोळ्यांनी करावे लागते. दर पंधरा मिनिटांनी हत्यार बदलावे, मूठ मऊ आणि जाड ठेवावी, तापवून लावायच्या डिंकाची बंदूक हातात घेऊच नये आणि उठताना दोन्ही तळवे उजेडात नीट पाहावेत. लाल चट्टा वीस मिनिटांत गेला नाही तर तेथे दाब जास्त पडला असे समजावे. हातावर फिकट, बधिर डाग असेल तर लपवू नये. कुष्ठरोगाची गोळ्यांची पाकिटे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि वेळेवर घेतली तर बोटे वाकण्याची वेळ सहसा येत नाही.

मुलांसाठी तर हे काम उत्तमच. दिवसभर पडद्यावर बोट सरकवणाऱ्या मुलाला पेन्सिल धरायला लागणारी ताकद कात्री आणि चिमटीच्या कामातून येते. पण सामानाकडे लक्ष हवे. कचेरीतली जांभळी शाई तोंडात जाऊ देऊ नये. बटाट्याचे ठसे संपल्यावर तो बटाटा भाजीत टाकणाऱ्या एक आजी मला माहीत आहेत, म्हणून हे लिहिते. चमकी डोळ्यांत गेली तर चोळू नये, चोळल्याने बुबुळावर ओरखडे येतात. स्वच्छ पाण्याने धुवावे आणि खुपतच राहिले तर नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. पंक्चरचे सोल्यूशन, थिनर यांनी कार्डे चिकटवू नयेत. त्यांच्या वासाने दम्याच्या रुग्णाला त्रास होतो आणि किशोरवयीन मुलांना त्या वासाचे व्यसन लागते. पात्याने कापले तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सलग दाबून धरावे, मधेच उचलून बघू नये. बोट बधिर झाले किंवा वाकेनासे झाले तर टाके घालण्यापूर्वी शिरा तपासून घ्यावी लागते, म्हणून थेट रुग्णालयात जावे.

चिकटवायला पाण्यात विरघळणारा पांढरा डिंक पुरेसा आहे, किंवा घरची खळ. एक चमचा मैदा थंड पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत राहिले की पाच मिनिटांत खळ होते. पूर्वी बुकबाइंडर खळीला कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालत. काही घरांत ती सवय अजून आहे. मोरचूद हे विष आहे. ते पोटात गेले तर उलट्या होतात, रक्तपेशी फुटतात, यकृत आणि मूत्रपिंड बिघडते. आणि खळीची बशी मुलाच्या हाताला लागेल अशाच जागी ठेवलेली असते. चुकून गेलेच तर उलटी करवण्याच्या भरीस न पडता पुडी बरोबर घेऊन रुग्णालय गाठावे. खळ उरली तर टाकून द्यावी आणि दुसऱ्या दिवशी नवी करावी. चमचाभर मैद्याचाच तर प्रश्न आहे.